रिया येणार होती

“मॅडम, हा एक नंबरचा म्हातारा मेलाय बहुतेक,” समोरच्या टेबलावरून तनुजा म्हणाली, आणि रत्नमालेनं मान वर न करता “हं” म्हटलं. “चार मेल टाकले मी. एकाचंही उत्तर नाय. फोन नंबर नाय, पत्ता नाय. नुसतं खाली लिहिलंय, लेखक कारभारी. या भागात दर दुसऱ्या घरात एक कारभारी सापडतो, आता कोणाला गाठू?” तनुजाच्या बोलण्यात वाईट असं काही नव्हतं. बावीस वर्षांची मुलगी, सोमवारची सकाळ, तीनशे बारा वेबसाइटांची यादी आणि पहिल्याच ओळीला अडलेलं गाडं. रत्नमालेनं आपल्या पडद्यावर तीच यादी उघडली. पहिली ओळ : मेंढरांची वही. नावावरून तिला काहीच आठवलं नाही. पुढं कितीतरी दिवस तिला टोचत राहिलं ते हेच, की नाव वाचून काही आठवलं नाही. तिनं दुवा दाबला, पान उघडलं, आणि वरच्या कोपऱ्यात तिच्या वडिलांचा, आबांचा फोटो आला. पागोटं घातलेले, डोळे किलकिले केलेले आबा. हा फोटो त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर काढलेला. डाव्या कडेला हिरव्या कापडाची बोटभर पट्टी दिसत होती. ती तिची ओढणी होती. लेकीला फोटोतून कापून आबांनी तो आपल्यापुरता ठेवला होता, पण कापताना हात अंमळ चुकला होता.

आबा जाऊन पाच महिने झाले होते. ऑफिसात कोणालाच माहीत नव्हतं. घरचं काम सांगून तिनं रजा काढली होती. तेरावं झाल्यावर ती कामावर आली तेव्हा मालक सुदर्शन सरांनी “सगळं ठीक ना?” असं विचारलं होतं आणि तिनं ठीक म्हटलं होतं. तिला सांगावंसं वाटलं नाही असं नाही. पण शहरातल्या कॅनॉट बाजारपेठेत, ऑफिसच्या त्या दुसऱ्या मजल्यावर, खाली कोचिंग क्लासच्या मुलांचा कालवा आणि वर एसीची घरघर, यांच्या मधे असं काही सांगायला जागाच सापडत नसे. शिवाय तिला आपल्या धंद्यातले शब्द ठाऊक होते. इथं कोणी हळहळलं असतं तर ते कोणत्या शब्दांत, हेही तिला आधीच माहीत होतं. ते शब्द तिनंच तर लिहून ठेवले होते.

तिचं काम पत्रं लिहिण्याचं. लहानपणापासून गावच्या वाचनालयातली पुस्तकं कपाटासकट संपवलेली, कॉलेजात मराठी घेतलेलं, म्हणून ऑफिसात मराठी पत्रांचे मसुदे तिच्याकडं आले. कोणाची तरी वेबसाइट शोधायची, तिच्या मालकाला लिहायचं, की आमच्या गिऱ्हाइकाचं नाव आपल्या लेखात घाला, त्याच्या पानाचा दुवा द्या. जितके जण नाव घेतील तितकी त्या नावाची पत वाढते, असा हिशेब. सहा वर्षांपूर्वी तिनं एक वाक्य लिहिलं होतं : “आपला अमुक हा लेख वाचला आणि मनापासून आवडला.” अमुकच्या जागी लेखाचं नाव संगणक आपोआप भरत असे. खाली सही रिया. रिया नावाचं कोणी ऑफिसात नव्हतं आणि कधी नव्हतंच. पण बाईच्या नावाला उत्तरं जास्त येतात, असं सरांनी कुठंतरी वाचलं होतं. ते वाक्य आजवर हजारो माणसांना गेलं होतं. आपण लिहिलेलं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं वाक्य हेच, आणि ते खोटं आहे, हे तिला कधीकधी रिक्षात बसल्यावर आठवे. मग ती बाहेरच्या पाट्या वाचायला लागे.

आता तेही दिवस पालटले होते. लोक शोधून पानं चाळत बसत नाहीत. एआयला सरळ विचारतात. तो चार वाक्यांत उत्तर देतो, आणि खाली बारीक अक्षरात दोन-तीन नावं, ज्यांच्याकडून घेतलं त्यांची. “पहिल्या पानावर यायचे दिवस गेले,” सरांनी महिन्यापूर्वी फळ्यासमोर उभं राहून सांगितलं होतं. “आता उत्तरात यायचं. सगळ्या जगाला पत्रं पाठवत बसायची गरज नाही. तो कोणाचं ऐकतो ते शोधा, आणि त्यांनाच आधी धरा. बाकीचे मेले तरी चालतील.” त्यातून ही यादी निघाली होती. क्लायंट एक कारखाना होता. शेळ्या-मेंढ्यांनी चाटायच्या क्षाराच्या विटा बनवणारा. मेंढीची लोकर गळतेय, काय द्यावं, असं मराठीत विचारलं की एआय जे उत्तर देई, त्यात विटेचं नाव नव्हतं. त्यात जवळजवळ सगळं एकाच वहीतलं होतं. मराठीत या विषयावर मन लावून लिहिणारा दुसरा कोणी नव्हताच.

रत्नमालेनं तो प्रश्न टाकून पाहिला. उत्तर आलं, “प्रथम मेंढी काय चाटते याचे निरीक्षण करावे. ती भिंत किंवा माती चाटत असल्यास तिच्या आहारात क्षारांची कमतरता असू शकते.” तिनं शेजारी आबांचा लेख उघडला. तिथं होतं : “मेंढरू काय मागतंय ते डॉक्टरला विचारू नका, त्याच्या जिभेला विचारा. भिंत चाटतंय का, धन्याच्या घामाचा सदरा चाटतंय का, ते बघा.” आबांचंच बोलणं, धुऊन इस्त्री केलेलं. घामाचा सदरा गेला होता. तिला राग आला. राग सदऱ्याचा होता, पण तेवढाच नव्हता. वहीत त्रेसष्ट लेख होते आणि त्यातला एकही तिनं वाचला नव्हता. आईला वाचता येत नव्हतं. भाऊबंदांपैकी कोणी नाव काढलं नव्हतं. आबांचा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा वाचक हा होता. डोळे नसलेला, आणि कुठं राहतो ते माहीत नसलेला. घरात कोणी केलं नाही ते त्यानं केलं होतं, आणि वर तिला तोंडही उघडता येणार नव्हतं.

आबा जनावरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक होते. म्हणजे डॉक्टर सांगतील तसं जखम धुणं, पट्टी बांधणं, खुरातला काटा काढणं. त्यांचे वडील कळप घेऊन फिरणारे. घराण्यातला नोकरीला लागलेला पहिला माणूस आबाच. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुना संगणक घेतला आणि एका बोटानं टंकायला शिकले. तीन वर्षांपूर्वी ती दिवाळीला गेली तेव्हा त्यांनी तिला ओढून संगणकासमोर बसवलं होतं. “तू यातलीच ना? जरा बघ की, बरं झालंय का.” तिनं वर-खाली केलं. वाचलं नाही, फक्त वर-खाली केलं. मग जिन्यावरून पाय घसरावा तसा तिचा आवाज ऑफिसातला झाला. “आबा, याला कोण वाचणार? याला एकही लिंक नाही.” “लिंक म्हंजी?” “म्हणजे दुसऱ्यानं तुमचं नाव घेणं.” “मग तू घे की.” “तसं चालत नाही, आबा.” “का?” “तुम्ही माझे वडील आहात. ते मोजत नाहीत.” आबा मोठ्यानं हसले होते आणि आत तोंड करून ओरडले होते, “ऐकलं का, आपली पोरगी म्हणती आपण मोजण्यातले नाय!” आई म्हणाली होती, “मंग बसा मोजीत तुमची मेंढरं.” तिघंही हसले होते. हसण्याखाली ती गोष्ट बुजून गेली होती, आणि आता पाच महिने कोणी हसायला नसल्यामुळं ती उघडी पडली होती.

प्रत्येक वेबसाइटच्या नोंदीशेजारी जुन्या पत्रव्यवहाराचा एक रकाना असे. तनुजाची चार पत्रं मागच्या आठवड्यातली होती. त्यांच्याखाली, मागच्या वर्षीच्या चैत्रातली, तीन पत्रं आणखी होती. तेव्हाचा क्लायंट दुसरा. पाठवणारी रिया. नोंद : उत्तर ‘नाही’ असे आले, पुन्हा लिहू नये. रत्नमालेनं आधी ते तसंच सोडलं. उठली, हात धुऊन आली, तनुजाच्या टेबलावरच्या डब्यातली शेंगदाण्याची चिक्की खाल्ली, आणि मग उघडलं. उत्तर ‘नाही’ असं आलं नव्हतं. तीन उत्तरं आली होती, लांबलचक. संगणकाला ती वाचता आली नव्हती म्हणून त्यानं त्यांना नकारात टाकलं होतं. वरून, आबांनी ती वेबसाइटच्या पत्त्यावरून न पाठवता स्वतःच्या फोनमधल्या वेगळ्या मेलवरून पाठवलेली. त्यामुळं उत्तर आलंय हे यंत्राला तिन्ही पत्रं जाऊन झाल्यावर उमजलं, आणि तोवर ठरल्याप्रमाणं दर आठ दिवसांनी पुढचं पत्र जात राहिलं होतं.

“चि. रिया हिस अनेक आशीर्वाद,” पहिल्या उत्तरात होतं. “तुझं पत्र मिळालं. ‘मेंढरं बसवणं’ हा लेख तुला मनापासून आवडला हे वाचून बरं वाटलं. घरी दोनदा वाचून दाखवलं. कोणता भाग आवडला ते कळव, म्हणजे त्यावर अजून लिहीन. तुझ्या साहेबांचं नाव लेखात घाल म्हणतेस. माझी हरकत नाही, पण आमच्यात एक रीत आहे, ती तू लेखात वाचलीच असशील. माझे वडील कळपाच्या एक मुक्काम पुढं चालायचे. गंगापूरकडं जाताना पुढच्या गावातल्या शेतकऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसायचे. तो पाणी द्यायचा, भाकरी द्यायचा. मग विचारायचं, उद्या रात्री तुमच्या रानात मेंढरं बसवू का, लेंड्यांचं खत तुम्हाला. तो म्हणायचा, मेंढरं किती, कोणत्या गावची, खरूज नाय ना. मग हो किंवा नाही. निरोप धाडून जागा मागत नाहीत. मागणारा समोर पाहिजे, कारण समोर असला की देणाऱ्याला नाही म्हणताना त्याला जेवू घालावं लागतं. म्हणून तू ये. रविवारी मी घरीच असतो.”

दुसऱ्या पत्रात रियानं विचारलं होतं, की आपण कामात असाल, माझं आधीचं पत्र नजरेतून निसटलं का? आबांनी लिहिलं होतं, “निसटलं नाही. उत्तर दिलं होतं, परत देतो. रविवारी वाट पाहिली. उन्हामुळं आली नसशील. दौलताबादच्या वेशीत गाड्या अडकतात, तेव्हा सकाळी लवकर निघावं. माझी लेक तुझ्यासारख्याच कामात आहे. हुशार आहे, फार वाचते. तिला एकदा दाखवलं होतं, तिला वेळ नव्हता. तू दोनदा लिहिलंस. कोणता भाग आवडला ते राहिलं.”

तिसरं पत्र म्हणजे रत्नमालेचा सगळ्यात यशस्वी मसुदा. त्याचं पहिलं वाक्य होतं, हे माझं शेवटचं पत्र, यानंतर आपल्याला त्रास देणार नाही. त्या वाक्यानं माणसं दचकतात आणि उत्तर देतात, असा अनुभव होता. ते सुचलं त्या दिवशी सरांनी सगळ्यांना समोसे दिले होते. आबांचं उत्तर तीन ओळींचं होतं. “शेवटचं असं म्हणू नये, पोरी. तुझं वय काय, आणि शेवटचं काय? माझं काही चुकलं असलं तर घरचं समजून सांग. मी रविवारी असतो.”

तिनं खिडकी बंद केली. पुन्हा उघडली. तारीख पाहिली. त्या चैत्रात ती एकाही रविवारी गेली नव्हती. कामं होती. काय कामं होती ते आता काही केल्या आठवेना.

“झालं काय त्या एक नंबरचं?” सुदर्शन सर मागं येऊन उभे होते. चाळिशीचा चटपटीत माणूस, क्रिकेटचे शब्द वापरणारा. ती आली तेव्हा त्यांचं ऑफिस एका खोलीचं होतं आणि ती त्यांची पहिली कर्मचारी. तिला वाटलं, सांगू नये. पण ती सांगून बसली, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. “सर, ते वारले.” “अरेच्चा. मग साइट कोण बघतं?” “कोणी नाही.” “वारसदार असेल ना कोणी? शोधा. एकदा पासवर्ड हातात आला की उत्तम, मालकच नाही म्हणजे नकारही नाही.” “वारसदार मी आहे,” रत्नमाला म्हणाली. “माझे वडील होते ते.”

तनुजानं तोंडावर हात नेला. सरांचा चेहरा आधी योग्य तेवढा पडला. मग त्या पडलेल्या चेहऱ्याच्या आतून दुसरं काहीतरी वर यायला लागलं. त्यांनी ते दाबलं, पण नीट दाबलं गेलं नाही. “सॉरी, रत्नमाला. खरंच सॉरी. मला माहीत नव्हतं,” ते म्हणाले. खुर्ची ओढून बसले. “पण एक सांगू का? घरचंच आहे म्हटल्यावर... एक वाक्य तर घालायचंय. वडिलांचं नाव उलट मोठं होईल. लोक बघतील.” “लोक बघतातच आहेत, सर.” “हो ना, म्हणूनच तर. हे बघ, घाई नाही. पुढच्या सोमवारी क्लायंटला दाखवायचंय. रविवार आहे मध्ये.” त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं नाही, खुर्चीच्या पाठीवर थोपटलं. माणूस वाईट नाही हे तिला कळत होतं. वाईट असता तर सोपं गेलं असतं. ते जे बोलले ते तिच्याच मसुद्यांतलं होतं. आधी जवळीक, मग सहजता, मग मुदत. आपण पाळलेलं कुत्रं आपल्याच पोटरीकडं बघायला लागल्यावर त्याच्याकडं बघावं, तसं ती त्या वाक्यांकडं बघत राहिली.

आठवडाभर ती त्रेसष्ट लेख वाचत होती. जेवणाच्या सुट्टीत, रिक्षात, बँकेच्या रांगेत. चांगलं लिहिलेलं शोधायची तिला खोड होती आणि आबांचं सगळंच काही चांगलं नव्हतं. काही ठिकाणी सरकारी पत्रकासारखं, काही ठिकाणी एकच गोष्ट तीनदा. हे तिनं मनातल्या मनात निर्दयपणे नोंदवलं, कारण तेवढी सचोटी तरी त्यांच्या वाट्याला यावी असं तिला वाटलं. पण ‘मेंढरं बसवणं’मध्ये एक जागा होती. आबा आठ वर्षांचे, वडिलांबरोबर पुढच्या गावाला गेलेले. शेतकऱ्यानं जागा नाकारली आणि जेवायला वाढलं. आबांनी विचारलं, नाही म्हणाला तर मग जेवायचं कशाला? वडील म्हणाले, नाही म्हणाला म्हणूनच. पुढच्या वर्षी परत यायचंय ना या वाटेनं. ती जागा तिला आवडली. मनापासून, असं म्हणायला ती कचरली. दुसरा शब्द शोधत राहिली, सापडला नाही.

रविवारी ती सकाळी लवकर निघाली. दौलताबादच्या वेशीत गाड्या अडकल्याच होत्या. किल्ला बघायला आलेल्या बसमधली मुलं खिडकीतून हात बाहेर काढून ओरडत होती. घाट चढून खुलताबादच्या अलीकडं, डांबरी रस्ता सोडून घर. आई, बानाबाई, दारात गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. तिनं वर पाहिलं, उठली नाही. “आज कसा काय रस्ता सापडला?” “आले अशीच.” “अशीच यायला काय जवळ हाय व्हय? कामच आसंल.” रत्नमाला आत आली. चपला काढल्या, रांजणातलं पाणी प्याली. आबांचा संगणक खिडकीपाशी होता, वर घोंगडीचा तुकडा टाकलेला. “ह्याला कुणी हात लावला नाय,” आई दारातून म्हणाली. “शेजारच्या खंडेरावाचं पोरगं आलं व्हतं मागायला. नाय म्हणलं.”

पासवर्ड घोंगडीखालीच होता, दवाखान्याच्या जुन्या चिठ्ठीच्या पाठीवर. पान उघडलं. बदल करण्याची चौकट उघडली. लोकर गळण्यावरचा लेख, चौथा परिच्छेद, भिंत आणि सदरा यांच्या पुढची ओळ. सरांनी विटेचं वाक्य तयार करून दिलं होतं. ते चांगलं होतं, आबांच्या बोलीत बसेल असं वळवलेलं. ते तिनंच वळवलं होतं, शुक्रवारी दुपारी. कोणी सांगितलं नव्हतं. हात शिवशिवले म्हणून. चौकटीत ती उभी रेघ लुकलुकत होती. एक वाक्य, कोणाला कळणार नव्हतं, तो यंत्रवाचक दोन दिवसांत येऊन वाचून गेला असता आणि सगळ्या महाराष्ट्राला आबांच्या तोंडून सांगत सुटला असता. तिनं वाक्य टाकलं. आणि ते तिथं इतकं बरोबर बसलं, इतकं आबांसारखं दिसलं, की तिला भीती वाटली.

“ती पोरगी तुमच्या हापिसातली व्हती का गं?” आई म्हणाली. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. “कोणती?” “आगं ती. रिया का कोण. तुझ्या बापाला पत्रं धाडायची. येणार, येणार म्हणून दोन ऐतवार बसून राह्यले. गवारीची भाजी केली मी, ठेचा केला. सदरा पन बदलला ह्यांनी. म्हणलं, लेकीसाठी कधी बदलला नाय.” थापण्याचा आवाज थांबला. “तिसऱ्या ऐतवारी मीच म्हणलं, नाय यायची ती. तर म्हणले, शहरातली हाय, तिला वाट म्हाईत नसंल.”

रत्नमाला पडद्याकडं बघत होती. “माझ्या ऑफिसातली होती,” ती म्हणाली. “मग आली का न्हाई?” “आली आज.” आई उंबऱ्यात येऊन उभी राहिली, हाताला पीठ. तिनं लेकीकडं पाहिलं, मग दाराबाहेर अंगणात पाहिलं, मग परत लेकीकडं. रत्नमालेला वाटलं, आता विचारील. आणि विचारलं तर काय सांगायचं? पण आई उभ्या जन्मात जे दिसतं ते पुन्हा विचारणारी नव्हती.

“काय पायजे म्हणती?”

“आबांच्या लेखात जागा पाहिजे म्हणते.”

“मेंढरं किती हायेत तिची?”

“एकही नाही.”

“मंग काय टाकून जाणार ती रानात?” आई म्हणाली. रागानं नव्हे, व्यवहारानं. “नाय म्हणून सांग तिला. अन् हात धू. भाकर तव्यावर हाय, जेवू घालून लावून दे.”

रत्नमालेनं वाक्य पुसलं. पुसल्यावर खालची आबांची ओळ जशी होती तशी वर सरकली. तिनं फोनवर यादी उघडली, पहिल्या क्रमांकासमोर जुनी नोंद खोडली आणि लिहिलं : प्रत्यक्ष जाऊन आले. नकार मिळाला. ही नोंद उद्या सर वाचतील, तेव्हा ते खुर्ची ओढून बसतील की बसणार नाहीत, हे तिला सांगता आलं नसतं. तिनं हात धुतले. आईनं ताट पाटावर ठेवलं. पाव्हण्याला देतात तो, पितळेचा तांब्या शेजारी ठेवला. भाकरीचा पहिला तुकडा मोडून तिनं ठेच्याला लावला, आणि तोंडात घालायच्या आधी, आई चुलीकडं वळलेली असताना, ती संगणकापुढच्या आबांच्या रिकाम्या खुर्चीकडं न बघता म्हणाली, “ते जेवणाचं, आबा. नाही म्हणाला म्हणूनच जेवायचं, तो भाग.”

“काय म्हणलीस?” आई म्हणाली.

“तिखट झालाय,” रत्नमाला म्हणाली, आणि जेवू लागली.